सिनेमा कोणासाठी थांबतो

१

इंद्रजीत आणि करुणा यांच्या लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेली होती, पण दोघं एकाच वेळी एकाच सोफ्यावर निवांत बसायला लागले ते अलीकडेच. इंद्रजीत वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. पाळ्यांची नोकरी. करुणा दवाखान्यात नर्स, तिच्याही पाळ्याच. आणि या दोन पाळ्यांचं जन्मभर वाकडं. तो थकून दारात यायचा तेव्हा ती चपला पायात सरकवत असायची. "भाजी झाकून ठेवलीय", "टाकी संपत आलीय", असा अर्धा संसार त्यांनी उंबऱ्यात उभ्याउभ्या केला. मूलबाळ झालं नाही. त्याचं जेवढं वाईट वाटून घ्यायचं तेवढं दोघांनी तरुणपणीच घेतलं होतं.

मग तो निवृत्त झाला, पाठोपाठ तीही झाली, आणि पुंडलिकनगरातल्या त्या छोट्या घरात अचानक दोन माणसं दिवसभर राहायला लागली. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं. नंतर इंद्रजीतनं हॉलचं थेटर करायला घेतलं.

खिडकीला जाड काळा पडदा आला. हॉलमधून मागं जाणाऱ्या बोळाच्या दारालाही तसलाच पडदा. भिंतीवर मोठा टीव्ही, कोपऱ्यात दोन स्पीकर, आणि टीव्हीखाली जेवणाच्या डब्याएवढा एक काळा कॉम्प्युटर. त्यात सिनेमे भरलेले. हे सगळं फरहाननं बसवून दिलं. फरहान पूर्वी कारखान्यात इंद्रजीतच्या हाताखाली इलेक्ट्रिशियन होता. आता पडेगावला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, दाढीत दोनचार पांढरे केस आले होते, पण इंद्रजीतला तो अजून सरच म्हणायचा.

"आता रिमोट हरवायची भानगड नाय सर," त्यानं दाखवलं. "फोन हाच रिमोट. तुमच्या फोनात टाकलंय, वहिनींच्या पण टाकलंय. आणि एक मस्त चीज बघा. वहिनी, तुम्ही फोन घेऊन जरा आत जा."

करुणा पडद्याआड गेली. टीव्हीवरची नायिका तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबली. करुणा परत आली, तशी नायिकेनं वाक्य पुरं केलं.

"चहा ठेवायला उठा, पाणी प्यायला उठा," फरहान म्हणाला, "पिक्चर तुमच्यासाठी थांबून राहनार. मग कायकू एखादा सीन चुकंल?"

करुणाला त्याचं फार अप्रूप वाटलं. आयुष्यात तिच्यासाठी सहसा काही थांबलेलं नव्हतं.

२

दुपारी जेवण झालं, भांडी घासून पालथी पडली, की दोघं हॉलमध्ये येत. कूलर लावत, पडदे ओढत. बाहेर उन्हाळा रणरणत असायचा आणि आत थंडगार अंधार. सोफा तिघांचा. खिडकीच्या बाजूला इंद्रजीत, मधे करुणा, आणि बोळाच्या दाराजवळची तिसरी जागा वाळलेल्या कपड्यांची. सिनेमा बघता बघता करुणा घड्या घालायची.

त्या दिवशी एक जुना कौटुंबिक सिनेमा लावला होता. सासरा जावयाला काहीतरी समजावत होता आणि ते लांबत चाललं होतं. सिनेमा थांबला.

"तू काही दाबलंस?" इंद्रजीतनं विचारलं.

"मी टॉवेलची घडी घालायले," करुणा म्हणाली. तिचा फोन सोफ्याच्या हातावर होता. त्याचा त्याच्या खिशात.

जावई हात जोडून थांबलेला. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि तिच्याखाली कुठंतरी बारीक पाण्याचा आवाज. इंद्रजीतनं फोन बाहेर काढला, चष्मा शोधला. तो बटण दाबणार तेवढ्यात सिनेमा आपला आपण सुरू झाला. सुरू होताना थोडा मागंही गेला, म्हणजे सासऱ्याचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

"फरहानला सांगा," करुणा म्हणाली. "नवीन आहे तोवर करून घेतलेलं बरं."

३

इंद्रजीतला अशी कामं आवडायची. पस्तीस वर्षं त्यानं बंद पडलेल्या मशिनींसमोर उकिडवं बसून काढली होती. मशीन कारणाशिवाय थांबत नाही, कारण सापडत नसेल तर आपण नीट बघितलेलं नसतं, यावर त्याचा पक्का विश्वास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तो त्या काळ्या डब्यासमोर बसला. वायरी काढून पुसून लावल्या. दोन्ही फोन बंद करून चालू केले. टीव्हीचा जुना रिमोट कुठं दबलेला तर नाही ना, म्हणून सोफ्याच्या गाद्या उचलून बघितल्या.

दुपारी सिनेमा पुन्हा थांबला, आणि थोड्या वेळानं चालू झाला.

मग फरहाननं दुकानातूनच, इंटरनेटवरून, कॉम्प्युटरचा ताबा घेतला. इंद्रजीत फोन कानाला लावून बसला होता आणि समोर टीव्हीवर बाण आपोआप फिरत होता, खिडक्या उघडत होता, मिटत होता.

"दोनच फोन दिसायलेत सर. तुमचा आणि वहिनींचा. दोन्ही हॉलमध्येच."

"मग थांबायला कोण सांगतंय त्याला?"

"शेजारच्यांचा फोन पकडत असंल. भिंत एकच ना? ते इकडं-तिकडं फिरले की याला वाटतं तुम्हीच उठले." बाण दोनचार ठिकाणी फिरून आला. "जाऊ द्या. ते आपोआप थांबायचं बंदच करून टाकतो. हातानं थांबवायचं, हातानं चालू करायचं."

बाण एका चौकटीत गेला, आणि चौकटीतली खूण पुसली गेली.

त्या दुपारी करुणा मुद्दाम फोन घेऊन आत जाऊन आली. सिनेमा चालूच राहिला. "झालं बाई दुरुस्त," ती जराशी नाराजीनंच म्हणाली. तिच्यासाठी थांबणंही आता बंद झालं होतं. दोघं टेकून बसले. सिनेमा रंगात आला. नंतर कोर्टातलं लांबलचक भाषण सुरू झालं आणि वकिलाचा हात हवेतच राहिला.

या वेळी इंद्रजीतनं फोन काढला नाही. त्यानं नुसतं ऐकलं. बोळात हात धुवायचं बेसिन होतं. त्याची तोटी सैल होती, बंद करताना शेवटच्या वळणाला कुईं करायची. ती कुईं झाली. मग वकिलाचा हात खाली आला.

४

कोणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं. शेजारच्यांचं बेसिन असेल. शेजारच्यांची तोटी सैल असेल. इंद्रजीतनं एकदा शेजारी जाऊन काहीतरी निमित्तानं पाणी मागितलं आणि त्यांची तोटी फिरवून बघितली. ती नवी कोरी होती, लोण्यासारखी फिरली.

पण माणूस रोज एकच गोष्ट बघत बसला की तिची सवय होते, आणि सवय झाली की बारकावे दिसायला लागतात. सिनेमा वाटेल तेव्हा थांबत नव्हता. विनोदी प्रसंगात कधीच नाही. गाण्यात नाही. भांडणात तर नाहीच. लांबड लागली, उपदेश सुरू झाला, की तेव्हा. आणि हळू आवाजातलं बोलणं आलं की आवाजाची पट्टी पडद्यावर उमटायची आणि दोन घरं वर सरकायची.

"कमी ऐकू येत असेल," करुणा एकदा बोलून गेली.

"कोणाला?"

ती उठून गॅस बंद आहे का ते बघून आली.

आणखी एक गोष्ट इंद्रजीतच्या उशिरा लक्षात आली. वाळलेले कपडे आता करुणा मांडीवर घेऊन बसत होती. मांडीवर मावले नाहीत तर खाली सतरंजीवर ठेवत होती. तिसरी जागा रिकामी असायची. इंद्रजीतनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला काहीतरी सांगावं लागलं असतं.

पाण्याचं मात्र तिनं स्वतः काढलं. त्यांच्याकडं नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी यायचं. बाकीचे दिवस टाकीवर भागवायचं, आणि टाकीत किती पाणी आहे हे करुणाला वरून ठोकून कळायचं. "दोघांना पुरायला पाहिजे तेवढं पुरत नाही आजकाल," ती म्हणाली. "लई नाही. थोडंच. एखादं माणूस जास्तीचं हात-तोंड धुत असावं, तेवढं."

"गळत असेल कुठंतरी," इंद्रजीत म्हणाला आणि पाना घेऊन गच्चीवर गेला. सगळी जोडणी कोरडी ठणठणीत होती. उन्हात उभं राहून त्यानं पाना पुसला, परत पुसला, आणि खाली आला.

५

फरहान रविवारी दुपारी आला. येताना त्यानं डब्यात मटणाचा नान-खलिया आणला होता. तिघं पोटभर जेवले, जुन्या कारखान्यातल्या लोकांच्या नकला झाल्या. फरहानला एका मॅनेजरची चाल अशी जमायची की करुणा पदरानं डोळे पुसायला लागली. घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

"चला, दाखवा तुमचं भूत," तो म्हणाला.

"तसलं काही नाही रे," इंद्रजीत म्हणाला. "सिग्नलची भानगड आहे."

पडदे ओढले. इंद्रजीत आपल्या जागी बसला, करुणा आपल्या. फरहान मांडीवर लॅपटॉप घेऊन सहज तिसऱ्या जागेवर टेकला.

सिनेमा थांबला.

"हां, हेच," इंद्रजीत म्हणाला.

फरहाननं लॅपटॉपवर बघितलं. "कमांड आली. बरोबर आली. पण कुठून आली ते दाखवत नाय." त्यानं चालूचं बटण दाबलं. सिनेमा चालू झाला आणि लगेच थांबला. त्यानं परत दाबलं. परत थांबला. तिसऱ्यांदा बटण दाबायच्या आधी त्यानं हात मागं घेतला.

कूलर चालू होता तरी फरहानच्या कपाळावर घाम दिसत होता. तो डावीकडं बघत नव्हता. डावीकडं बोळाचा पडदा होता, हातभर अंतरावर. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, इथं कोन बसतं?"

"कोणी नाही," करुणा म्हणाली. मग जराशानं, "तू इकडं खाली सतरंजीवर बस ना. वारा चांगला लागतो."

फरहान उठला. उठताना त्यानं बाजूला सरकून, एखाद्याच्या पायाला पाय लागू नये तसा, पाय उचलून टाकला. तो सतरंजीवर बसला. थोडा वेळ तसाच गेला. बसलेल्या माणसाच्या वजनानं सोफ्याची स्प्रिंग जशी बारीक कुरकुरते तशी ती कुरकुरली. आणि सिनेमा चालू झाला.

नंतर फरहान कितीतरी वेळ वायरीच हुडकत बसला. "ही ढिल्ली होती सर," तो शेवटी म्हणाला. इंद्रजीतनंच ती वायर घट्ट बसवली होती. पण तोही म्हणाला, "असेल, असेल."

जायच्या आधी फरहाननं कॉम्प्युटरमधलं ते रिमोटचं सगळं काढूनच टाकलं. दोन्ही फोनांतूनही काढलं. खिशातून बॅटरीवर चालणारा एक साधा रिमोट काढून इंद्रजीतच्या हातात दिला. "आता फक्त हे बटण दाबाल तेव्हाच थांबंल. दुसरं कोनी थांबवू शकत नाय." दारात चपला घालताना तो थबकला. "सर, काई लागलं तर फोन करा. दुकानातून करून देतो. यायची काई गरज नाय पडायची."

६

आणि खरंच सिनेमा थांबायचा बंद झाला.

पहिले दोन दिवस इंद्रजीत खुशीत होता. रोग सापडला नाही, पण रोगी बरा झाला, असं त्यानं स्वतःला समजावलं. सिनेमे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चालत होते. भाषणं लांबली तरी लांबू दे.

मग एका दुपारी, सिनेमात वरात चालली असताना, बोळातली तोटी कुईं वाजली.

सिनेमा चालूच होता. बॅंड वाजत होता, घोडा नाचत होता. इंद्रजीतनं मान न वळवता करुणाकडं बघितलं. तीही मान न वळवता ऐकत होती. बॅंडच्या आवाजाखाली आत कुठंतरी फ्रिजचं दार लागल्याचा धप्प आवाज आला. नंतर काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली की नाही, ते बॅंडमुळं कळायला मार्ग नव्हता.

त्यानं रिमोटनं सिनेमा थांबवला. घर एकदम गप्प झालं. दोघं ऐकत बसले. शेजारचं कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ते कोणी उघडलं होतं ते दोघांनाही आठवेना.

त्यानंतर सिनेमात कोणाचंच लक्ष लागेना. पूर्वी दुपारचा जो सुखाचा अंधार वाटायचा तो आता नुसता अंधार झाला. करुणा स्वयंपाकघरात जाताना बोळातला दिवा लावून जायला लागली. भर दुपारी इंद्रजीत तिला हाक मारायचा, "आहेस ना गं?" आणि ती "आहे" म्हणेपर्यंत कान तिकडंच लावून बसायचा. एकदा तर तिनं "आहे" म्हटलं ते गच्चीवरून, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात भांडं सरकलं.

"मी तुम्हाला एक सांगू का," संध्याकाळी चहा गाळताना ती म्हणाली. "वॉर्डात रात्रपाळीला पेशंट आपल्या बेडवर असला ना, मग तो कसाही असू दे, जिवाला घोर नसतो. कण्हत असला तरी ठीक. पण बेड रिकामा दिसला की पाय गळतात. कुठं गेला, बाथरूमला गेला, की जिन्याकडं गेला. सगळा मजला पालथा घालावा लागतो."

इंद्रजीतनं आपला कप पुढं ओढला.

"आधी आपल्याला कळायचं," करुणा म्हणाली. "उठलेलं कळायचं, बसलेलं कळायचं. आता काहीच कळत नाही."

"हे बघ, तसं काही असतं का..."

"नसेल. मी कुठं म्हणते आहे म्हणून. पण तुम्ही फरहानला सांगा ते परत टाकायला."

७

फरहाननं काही विचारलं नाही. "परत टाकायचं ना? टाकतो," एवढंच म्हणाला आणि दुकानातूनच बाण फिरवून, फोनांत काय दाबायचं ते सांगून, सगळं पहिल्यासारखं करून दिलं. आपोआप थांबायची खूणही परत लावली. "वहिनींना आवडायचं ते," तो म्हणाला. शेवटी फोन ठेवताना मात्र त्यानं घसा साफ केला. "सर, तुमी दोघं खुश आहात ना?"

इंद्रजीतनं खरोखर विचार केला. "आहोत रे," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

कारण आता सगळं पुन्हा रांगेला लागलं. करुणा उठली की सिनेमा तिच्यासाठी थांबायचा. तो उठला की त्याच्यासाठी. आणि दोघंही बसलेले असताना थांबला तर दोघं गुपचूप हात मांडीवर ठेवून वाट बघायचे. बेसिनची तोटी वाजायची, कधी फ्रिजचं दार. मग स्प्रिंग कुरकुरायची, सिनेमा थोडा मागं जाऊन सुरू व्हायचा, आणि करुणा सुटकेचा श्वास टाकून टेकून बसायची. पेशंट बेडवर आला होता.

त्या थांबलेल्या वेळात करायला काही नसायचं, म्हणून दोघं बोलायला लागले. आधी नुसतं धीरासाठी, गप्प बसवत नाही म्हणून. मग खरंखुरं. करुणानं त्याला वॉर्डातल्या गोष्टी सांगितल्या, ज्या इतक्या वर्षांत सांगायला सवड झाली नव्हती. इंद्रजीतनं तिला सांगितलं की एकदा मशीनमध्ये त्याचा हात जाता जाता वाचला होता, आणि त्या दिवशी घरी आला तेव्हा ती ड्युटीवर निघाली होती, म्हणून तो काही बोललाच नाही. ती त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघत राहिली, जसा आत्ताच वाचला आहे. पडद्यावर कोणीतरी नायक अर्ध्या उडीत लटकत होता. त्याला लटकू दिलं.

कधीकधी वाटायचं, आत गेलेलं जे कोणी होतं ते मुद्दाम सावकाश यायचं.

घर पुन्हा गोड वाटायला लागलं होतं. इंद्रजीत भाजी आणायला गेला की शीळ घालत परत यायचा. तिसऱ्या जागेवरची गादी जराशी दबली होती. करुणा सोफा झाडायची तेव्हा तीही झाडायची, आणि झाडताना "जरा उठा" असं पुटपुटायची. ते ऐकून इंद्रजीतला हसू यायचं. पूर्वी आलं नसतं.

८

पावसाळ्याच्या तोंडावर पिशोरहून करुणाच्या भावाचा, बन्सीचा फोन आला. त्याच्या मुलीला पाहुणे बघायला येणार होते.

"अक्का, तू आल्याबिगर काय खरं नाय," बन्सी मोठ्यानं बोलत होता, इंद्रजीतला शेजारी बसून ऐकू येत होतं. "भावजींना बी घेऊन ये. नायतर ते एकटे काय करायलेत तिकडं?"

इंद्रजीतचा गुडघा दुखत होता, एसटीत बसवत नव्हतं. तो मागं राहिला. जाताना करुणानं भाकरी कुठं, चटणी कुठं, कालवण कुठं ते सगळं सांगितलं. दारापर्यंत जाऊन परत फिरली.

"सिनेमा लावणार आहात?"

"लावीन की. का?"

"लावा. लावलेलाच बरा." तिनं एकदा हॉलकडं बघितलं. "विनोदी लावा."

त्यानं विनोदीच लावला. जेवून, पडदे ओढून, खिडकीजवळच्या आपल्या जागी बसला. मधली जागा रिकामी. तिच्या पलीकडं तिसरी. सुरुवातीला त्याला जरा चमत्कारिक वाटलं. पण सिनेमा खरंच मजेदार होता. एक लबाड भाडेकरू, एक बहिरा मालक. इंद्रजीत मोकळेपणानं हसला. हसताना त्याला वाटलं की हसणं एकट्याचं नाही. आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. एकटं हसण्यापेक्षा हे बरं होतं.

चटणी तिखट होती. त्याला तहान लागली. तो उठला, पडदा सारून बोळात आला, आणि बेसिनपर्यंत पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मागं सिनेमा चालूच आहे.

त्यानं खिसा चाचपला. फोन खिशातच होता. बॅटरी संपली असेल. त्यानं काढून बघितला, अर्धीअधिक बॅटरी शिल्लक होती. बरं, सिग्नल अडखळला असेल, कधीकधी अडखळतो. तो बोळात क्षणभर उभा राहिला. हॉलमध्ये बहिरा मालक काहीतरी म्हणाला, आणि आवाज दोन घरं वाढला.

साहजिक आहे, त्याला वाटलं. बघणारं बघतंय. मी उठलो म्हणून त्यानं का थांबावं? गमतीचा भाग चाललाय.

तो स्वयंपाकघरात गेला. ओट्याच्या कोपऱ्यात माठ होता. मांडणीतून त्यानं एक स्टीलचा पेला घेतला, माठावरचं झाकण बाजूला ठेवलं, ओगराळं आत सोडलं. पाणी गार होतं. त्यानं निम्मा पेला घटाघट प्यायला. खिडकीतून दुपारचा पांढरा उजेड येत होता, बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. सगळं जिथल्या तिथं होतं.

हॉलमधला सिनेमा थांबला.

इंद्रजीतचा पेला ओठांशीच राहिला. तो भाग लांबडा नव्हता. उपदेश नव्हता. बहिऱ्या मालकाच्या हसण्याच्या मधोमध थांबला होता.

पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्या. सावकाश, जशा गुडघे दुखणाऱ्या माणसानं सारल्यावर सरकतील तशा. मग त्या परत जागेवर आल्या. बोळात पावलं वाजली नाहीत. इंद्रजीत तोटीच्या आवाजाची वाट बघत राहिला. त्याला ती कुईं ऐकायची होती. या घरात राहायला आल्यापासून कुठल्याच आवाजाची त्यानं इतकी वाट बघितली नव्हती. ती आली नाही. जे उठलं होतं ते या वेळी बेसिनशी थांबलं नव्हतं.

मागं वळून बघितलं तर बोळ दिसला असता. त्यानं वळून बघितलं नाही. त्यानं हातातल्या पेल्याकडं बघितलं. घासून घासून आरशासारखा झालेला करुणाच्या हातचा पेला. त्याच्या गोल पोटात अख्खं स्वयंपाकघर वाकून मावलं होतं. खिडकीची पांढरी पट्टी. मांडणी. लांबुडका झालेला तो स्वतः. आणि त्याच्या खांद्याशी, नळावर नंबर लावून उभं राहतात तसं, अंग चोरून उभं असलेलं आणखी एक लांबुडकं.

ते घाई करत नव्हतं. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत ते थांबलं होतं.

इंद्रजीतनं उरलेलं पाणी प्यायलं. ते घशाखाली उतरताना त्याला स्वतःलाच ऐकू आलं. मग त्यानं पेला विसळला, ओगराळ्यानं काठोकाठ भरला आणि ओट्यावर ठेवला.

"घ्या," तो म्हणाला, आणि माठासमोरून बाजूला सरकला.